टाळेबंदी की समूह प्रतिकारशक्ती : रत्नागिरीच्या अनुभवातून

रत्नागिरी : करोनाच्या साथीत जगभर एका प्रश्नावर मोठा वाद झाला. सर्व व्यवहार बंद करून संसर्ग रोखावा, की वृद्ध व आजारी माणसांना जपत उर्वरित समाजात संसर्ग पसरू द्यावा आणि त्यातून समूहाची प्रतिकारशक्ती निर्माण होऊ द्यावी? लंडन, स्टॉकहोम आणि दिल्ली येथे हा वाद आकडेमोडीच्या आधारे लढला गेला. रत्नागिरी जिल्ह्यात तो ग्रामकृती दलांच्या बैठकांत, कशेडी घाटातील तपासणी नाक्यावर आणि गणपतीला गावी येऊ पाहणाऱ्या चाकरमान्यांच्या घराघरांत झाला. जिल्ह्याच्या लोकसंख्येची रचनाच अशी आहे की, वादाच्या दोन्ही बाजूंची येथे कसोटी लागली. २०२० आणि २०२१ या दोन वर्षांचा घटनाक्रम पाहता एक गोष्ट ठळकपणे समोर येते. टाळेबंदीने प्रतिकारशक्ती येत नाही, केवळ वेळ मिळतो; आणि त्या वेळात काय केले यावर तिचे मोल ठरते.

संकल्पना काय आहे?

एखाद्या समाजातील पुरेशा लोकांमध्ये रोगाविरुद्ध प्रतिकारशक्ती आली, की विषाणूला नवे शरीर सापडणे अवघड होते आणि साथ ओसरू लागते. ज्यांच्यात प्रतिकारशक्ती नाही त्यांनाही अशा समाजात काही प्रमाणात संरक्षण मिळते. यालाच समूह प्रतिकारशक्ती म्हणतात. ही संकल्पना शंभर वर्षे जुनी असून तिचा मुख्य उपयोग लसीकरणाचे उद्दिष्ट ठरविण्यासाठी होत आला आहे.

त्यामागील गणित सोपे आहे. एक रुग्ण सरासरी तीन जणांना बाधित करीत असेल, तर त्या तिघांपैकी दोघे सुरक्षित असल्यास साथ वाढत नाही. म्हणजे सुमारे ६७ टक्के लोकांत प्रतिकारशक्ती हवी. हाच आकडा सहा असेल तर सहापैकी पाच, म्हणजे सुमारे ८३ टक्के लोक सुरक्षित असावे लागतात. गोवरासारख्या अतिसंसर्गजन्य रोगात ही मर्यादा ९० टक्क्यांच्याही पुढे जाते.

हे गणित दोन गोष्टी गृहीत धरते. एकदा आलेली प्रतिकारशक्ती टिकून राहील आणि विषाणू बदलणार नाही. करोनाच्या बाबतीत ही दोन्ही गृहीतके टिकली नाहीत.

वादाच्या दोन बाजू

मार्च २०२० मध्ये ब्रिटनचे मुख्य वैज्ञानिक सल्लागार पॅट्रिक व्हॅलन्स यांनी ६० टक्के लोकांना संसर्ग झाल्यास समूह प्रतिकारशक्ती येईल, असे सूचित केले आणि गदारोळ उडाला. ते आपले धोरण नसल्याचा खुलासा तेथील सरकारला करावा लागला. १६ मार्च रोजी लंडनच्या इम्पिरियल कॉलेजचा अहवाल आला. कोणतेही उपाय न योजल्यास ब्रिटनमध्ये सुमारे पाच लाख १० हजार मृत्यू होऊ शकतात, असे त्यात म्हटले होते. आठवडाभरात ब्रिटनने टाळेबंदी जाहीर केली.

स्वीडनने वेगळा मार्ग धरला. अँडर्स टेग्नेल यांच्या सल्ल्यानुसार तेथे लहान मुलांच्या शाळा, दुकाने आणि उपाहारगृहे चालू राहिली. समूह प्रतिकारशक्ती हे अधिकृत उद्दिष्ट असल्याचे स्वीडनने कधीही मान्य केले नाही. पहिल्या लाटेत शेजारच्या नॉर्वे आणि फिनलंडच्या तुलनेत तेथे लोकसंख्येच्या प्रमाणात कितीतरी अधिक मृत्यू झाले आणि वृद्धाश्रमांना मोठा फटका बसला. मात्र २०२० ते २०२२ या तीन वर्षांतील एकूण अतिरिक्त मृत्यू पाहिले, तर स्वीडनची स्थिती युरोपातील अनेक देशांपेक्षा चांगली ठरली. तेथील चौकशी आयोगाने फेब्रुवारी २०२२ मध्ये सक्तीऐवजी आवाहनावर भर देण्याचे धोरण मूलतः योग्य मानले. परंतु सुरुवातीला अधिक कडक पावले लवकर उचलायला हवी होती, असेही नमूद केले.

४ ऑक्टोबर २०२० रोजी मार्टिन कुलडॉर्फ, सुनेत्रा गुप्ता आणि जय भट्टाचार्य या तीन शास्त्रज्ञांनी अमेरिकेतील ग्रेट बॅरिंग्टन येथून जाहीरनामा काढला. ज्यांना धोका अधिक त्यांना जपावे आणि इतरांना नेहमीचे जीवन जगू द्यावे, हे त्याचे सार होते. टाळेबंदीमुळे बालकांचे लसीकरण, इतर आजारांवरील उपचार आणि शिक्षण यांची होणारी हानी त्यांनी पुढे केली. ही हानी काल्पनिक नव्हती. दहाच दिवसांत 'लॅन्सेट'मधून दुसऱ्या गटाने उत्तर दिले. समाजाचा एक मोठा भाग उर्वरित समाजापासून वेगळा ठेवणे व्यवहारात अशक्य आहे, असा त्यांचा आक्षेप होता. जागतिक आरोग्य संघटनेनेही संसर्ग पसरू देऊन समूह प्रतिकारशक्ती मिळविण्याचा मार्ग अनैतिक ठरविला.

भारतात वेल्लोरचे साथरोगतज्ज्ञ डॉ. जयप्रकाश मुळियिल यांनी तरुणांना कामावर जाऊ द्यावे आणि वृद्धांना जपावे, अशी भूमिका मांडली होती. परंतु भारतासारख्या लोकसंख्येच्या देशात समूह प्रतिकारशक्ती हा धोरणात्मक पर्याय असू शकत नाही, असे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने ३० जुलै २०२० रोजी स्पष्ट केले.

वृद्धांचा जिल्हा, तरुणांची मुंबई

या वादात रत्नागिरीचे महत्त्व कोणते? २०११च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख १५ हजार आहे. २००१च्या तुलनेत ती वाढण्याऐवजी घटली. दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया, हे प्रमाण मुंबईकडे होणाऱ्या स्थलांतराची साक्ष देते. कमावते हात मुंबई, ठाण्यात आणि आई-वडील वाडीवर, ही येथील अनेक घरांची रीत आहे.

'वृद्धांना वेगळे ठेवा, तरुणांना फिरू द्या' हे सूत्र कागदावर मांडले, तर त्याचे चित्र जवळपास असेच दिसेल. जुलै २०२० मध्ये मुंबईतील तीन प्रभागांत झालेल्या सर्वेक्षणात झोपडपट्ट्यांतील ५७ टक्के, तर इतर वस्तीतील १६ टक्के लोकांच्या रक्तात प्रतिपिंडे आढळली. म्हणजे तरुण असलेल्या शहरात संसर्ग पसरत होता आणि वृद्ध असलेली गावे त्यापासून बरीचशी दूर होती. अंतर साडेतीनशे किलोमीटरचे होते. मध्ये घाट होता आणि घाटात पोलीस होते.

तरीही ही भिंत टिकणारी नव्हती. काम बंद, भाडे चालू आणि दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसे, अशा अवस्थेत चाकरमान्याने गावाची वाट धरली, तर त्यात नवल नव्हते. मे २०२० मध्ये हजारो लोक परतले. ग्रामकृती दलांनी जिल्हा परिषदेच्या शाळांत त्यांच्या विलगीकरणाची सोय केली. काही ठिकाणी जेवणाचे डबे पोहोचविले गेले, तर काही ठिकाणी आपल्याच माणसांना वेशीवर अडविल्याने कटुता आली. मुलगा गावी आला की तो आई-वडिलांच्याच घरी उतरतो. एकच माजघर, एकच न्हाणीघर असलेल्या घरात 'जपावयाची माणसे' आणि 'फिरणारी माणसे' वेगळी कशी करायची, याचे उत्तर जाहीरनाम्यात नव्हते.

गणेशोत्सवाने हा प्रश्न दिवसांच्या हिशेबात मांडला. गणेश चतुर्थी २२ ऑगस्टला होती. गावकऱ्यांपैकी अनेकांचा आग्रह १४ दिवसांच्या विलगीकरणाचा होता. राज्य सरकारने तो कालावधी १० दिवसांचा ठेवला. त्यामुळे १२ ऑगस्टपर्यंत गावी पोहोचणे आवश्यक ठरले आणि त्यानंतर येणाऱ्यांना चाचणी बंधनकारक झाली. एसटीने येणाऱ्यांना ई-पासची अट नव्हती. संपूर्ण बंदी आणि मुक्त प्रवेश यांच्यामधला हा मार्ग होता. सणाला येणारच, हे मान्य करून धोका कमी करण्याचा तो प्रयत्न होता.

टाळेबंदीची किंमत

१८ मार्च २०२० रोजी जिल्ह्यात दुबईहून परतलेला पहिला रुग्ण आढळला. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागू झाली आणि ती टप्प्याटप्प्याने ३१ मेपर्यंत वाढली. हेच हापूसचे दिवस. फळ झाडावर तयार, पण वाहतूक अडलेली आणि बाजार अनिश्चित. मे महिन्यात एसटीने मालवाहतूक सुरू केली, तेव्हा तिची पहिली फेरी रत्नागिरीहून बोरिवलीला आंब्याच्या पेट्या घेऊन गेली. मिरकरवाडा बंदरातील मासेमारी, गणपतीपुळे परिसरातील निवास व्यवसाय आणि लहान दुकानदार यांना असा पर्याय सहज मिळाला नाही. ३ जूनच्या निसर्ग चक्रीवादळाने मंडणगड व दापोली तालुक्यांत घरांची छपरे उडविली, बागा आडव्या केल्या. बंद ठेवलेल्या बाजारात पत्रे आणि कौले कोठून आणावयाची, हा प्रश्न तेव्हा साथीपेक्षा मोठा वाटला.

जुलै २०२० मध्ये जिल्हा प्रशासनाने स्वतंत्रपणे कडक टाळेबंदी लागू केली. जून २०२१ मध्ये पुन्हा आठवडाभर जिल्हा बंद राहिला. शाळा दीर्घकाळ बंद असताना, ज्या वाड्यांवर मोबाइलची रेंज नव्हती तेथे ऑनलाइन शिक्षण हा शब्दच राहिला. टाळेबंदीच्या टीकाकारांचे म्हणणे येथे खरे ठरते. बंदीचा भार सर्वांवर सारखा पडला नाही; रोजंदारीवर जगणाऱ्यावर तो सर्वाधिक पडला.

उशिरा आलेली लाट

राष्ट्रीय स्तरावर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पहिल्या सर्वेक्षणात, मे-जून २०२० मध्ये, केवळ ०.७३ टक्के प्रौढांत संसर्गाच्या खुणा आढळल्या होत्या. डिसेंबर-जानेवारीतील तिसऱ्या सर्वेक्षणात हे प्रमाण २१ टक्क्यांवर गेले. दरम्यान, ऑक्टोबर २०२० मध्ये केंद्राने नेमलेल्या तज्ज्ञ समितीने सुमारे ३० टक्के लोकांना संसर्ग होऊन गेल्याचा अंदाज बांधून फेब्रुवारी २०२१ पर्यंत साथ आटोक्यात येईल, असे सांगितले. फेब्रुवारी उजाडला तो विदर्भातील वाढत्या रुग्णसंख्येनेच. ब्राझीलमधील मनाउस शहरात ७६ टक्के लोक बाधित झाल्याचा अंदाज होता. तेथेही जानेवारी २०२१ मध्ये रुग्णालयांतील ऑक्सिजन संपला.

मुंबईत मात्र दुसऱ्या लाटेतील बहुतांश रुग्ण झोपडपट्ट्यांतील नसून इमारतींतील असल्याचे महापालिकेने सांगितले. पूर्वीच्या संसर्गाने काही संरक्षण मिळते, या म्हणण्याला त्यामुळे पुष्टी मिळाली. पण त्याचाच दुसरा अर्थ असा की, पहिल्या लाटेत वाचलेली गावे आता अधिक असुरक्षित होती.

रत्नागिरीत हेच घडले. डेल्टा उत्परिवर्तनाने वेग घेतला तेव्हा जिल्ह्यात संसर्ग न झालेले आणि लस न मिळालेले लोक मोठ्या संख्येने होते. मुंबईतील आलेख उतरू लागला तरी येथील उतरेना. जून २०२१ मध्ये राज्याने बाधितांचे प्रमाण आणि ऑक्सिजन खाटांचा वापर यांवरून जिल्ह्यांचे पाच स्तर केले, तेव्हा रत्नागिरी चौथ्या स्तरात होती. २१ जून रोजी राज्यात डेल्टा प्लसचे २१ रुग्ण जाहीर झाले. त्यांपैकी नऊ एकट्या रत्नागिरी जिल्ह्यातील होते. ऑगस्टच्या आरंभी बहुतेक राज्यात निर्बंध सैल झाले, तरी ज्या ११ जिल्ह्यांत ते कायम राहिले त्यांत रत्नागिरीचा समावेश होता.

वेळेचे मोल

मग पहिली टाळेबंदी व्यर्थ गेली काय? तसे म्हणता येत नाही. मार्च २०२० मध्ये जिल्ह्यात करोनाची चाचणी करणारी प्रयोगशाळा नव्हती. नमुने मिरजेला पाठवावे लागत. जूनमध्ये रत्नागिरीत प्रयोगशाळा सुरू झाली. श्वासाच्या त्रासावरील उपचारपद्धतीत मधल्या काळात सुधारणा झाली. १६ जानेवारी २०२१ पासून लसीकरण सुरू झाले आणि १ मार्चपासून साठीपुढील सर्वांना लस खुली झाली. मे २०२० मध्ये बाधित झालेल्या वृद्धाकडे यांतील काहीच नव्हते. वर्षभरानंतर बाधित झालेल्याकडे निदान काही होते.

परंतु हा वेळ पुरता वापरलाही गेला नाही. पहिली लाट ओसरताच तात्पुरती उपचार केंद्रे बंद झाली, तज्ज्ञ डॉक्टरांची रिक्त पदे रिक्तच राहिली आणि लशीचा पुरवठा मागणीच्या मागे राहिला. रत्नागिरीचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले ते २०२३ मध्ये, म्हणजे साथ सरल्यावर.

जून-जुलै २०२१ मधील चौथ्या राष्ट्रीय सर्वेक्षणात ६७.६ टक्के लोकांत प्रतिपिंडे आढळली. जुन्या गणिताने ही समूह प्रतिकारशक्तीची मर्यादा होती. तरी जानेवारी २०२२ मध्ये ओमायक्रॉनने पुन्हा लाट आणली. फरक इतकाच की, रुग्ण वाढले तरी त्या प्रमाणात मृत्यू वाढले नाहीत. संसर्ग थांबविणारी भिंत उभी राहिली नाही; लस आणि पूर्वीचा संसर्ग यांमुळे आजाराची धार बोथट झाली. १ एप्रिल २०२२ पासून राज्यातील निर्बंध उठले आणि ५ मे २०२३ रोजी जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर झाले.

१८९७च्या प्लेगच्या वेळी केलेला साथरोग कायदा २०२० मध्ये पुन्हा वापरावा लागला. पुढील साथीतही कायदा हाताशी असेल, घाटातील नाकाही एका रात्रीत उभा राहील. मात्र नाक्याच्या अलीकडे, वाडीपासून तासाभराच्या अंतरावर, ऑक्सिजनची खाट आणि ती सांभाळणारा डॉक्टर असेल काय, हा प्रश्न साथ नसतानाच सोडवावा लागतो.