विषुवदिन व पुनरुत्थानाचा सण
बाळापुरास मिर्झाराजे जयसिंगांची म्हणून प्रसिद्ध असलेली छत्री आहे. त्यांचे वंशज सवाई जयसिंग यांनीं जयपुरास वेधशाळा उभारिली व इ. स. १७३४ मध्यें चंद्रनगराहून पोन्स व बूदिए हे दोन येशूसंघीय फादर तेथें बोलाविले. ही विद्या आपल्या धर्मसभेस परकी नव्हतीच.

इ. स. ३२५ च्या नाइसिया परिषदेनंतर असा नियम रूढ झाला कीं, २१ मार्च हा विषुवदिन धरून, त्या दिवशीं वा त्यापुढें येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरच्या रविवारीं पुनरुत्थानाचा सण पाळावा. परंतु जूलियन वर्ष सुमारें ११ मिनिटें अधिक लांब. सोळाव्या शतकांत खरा विषुवदिन ११ मार्चपर्यंत मागें सरला होता. सर्व सणांचा मुकुटमणि भलत्याच पौर्णिमेवर जावा, ही आपत्ति लहान नव्हे! पोप तेरावे ग्रेगरी यांनीं १५८२ सालीं फादर क्लाव्हियस प्रभृतींच्या गणितास अनुसरून दहा दिवस गाळिले. ४ ऑक्टोबरानंतर १५ ऑक्टोबर उजाडला. आपल्या देशांतील मकरसंक्रांत मात्र निरयन गणनेची, म्हणून ती उत्तरायणारंभानंतर तीन आठवड्यांनीं येते.

पडताळा पाहणाऱ्यानें विषुवदिनीं बाळापुरास चार हात काठी उभी रोवावी. मध्यान्हीं सावली दीड हात भरेल. २३ मेच्या सुमारास ती बुंध्याशींच नाहींशी होईल.