कुलूप लावलेल्या घरांची गोष्ट

आजचा भाग एका कुलपापासून सुरू करतो.

कॉलेजात असताना मी एका सर्वेक्षणात काम केलं होतं. साक्री तालुक्यातलं गाव, दिवाळी नुकतीच झालेली. चिठ्ठ्या काढून निवडलेली वीस घरं हातात होती. त्यातल्या सात घरांना कुलूप! शेजारच्या आजी ओट्यावरून म्हणाल्या, "ऊसतोडले गयात भाऊ. आते आखाजीलेच येतीन."

सुपरवायझरला फोन लावला. ते म्हणाले, "शेजारचं घर घे, वीसचा आकडा पूर्ण कर." केला. पुढे अहवाल आला: या गावातून कामासाठी बाहेर जाणारी कुटुंबं नगण्य. मग सरपंच मुलांसाठी हंगामी वसतिगृह मागायला गेले, तेव्हा हाच आकडा त्यांच्यासमोर ठेवला गेला. जे गावाबाहेर गेले होते, त्यांना आम्ही विचारलंच नव्हतं ना!

ही चूक जुनी आहे. १९३६ साली अमेरिकेत 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकानं सुमारे एक कोटी लोकांना मतपत्रिका पाठवल्या. तेवीस लाखांहून जास्त परत आल्या. त्यावरून त्यांनी सांगितलं, लँडन जिंकणार. प्रत्यक्षात रूझवेल्ट यांनी ४८ पैकी ४६ राज्यं घेतली. पत्ते टेलिफोन आणि मोटारवाल्यांच्या याद्यांमधले होते, हे कारण आपण नेहमी ऐकतो. पण नंतरच्या अभ्यासात दुसरंही दिसलं: पत्र मिळालेल्यांपैकी रूझवेल्टच्या समर्थकांनी उत्तरं कमी पाठवली होती. म्हणजे कोणाला विचारलं, याइतकंच कोण गप्प राहिलं, हेही महत्त्वाचं.

मग उपाय काय? १९४६ साली हॅन्सन आणि हर्विट्झ या अमेरिकी जनगणना खात्यातल्या दोघांनी एक सोपी युक्ती मांडली. आधी सगळ्यांना टपालानं विचारा. जे उत्तर देणार नाहीत, त्यांच्यातूनच पुन्हा चिठ्ठ्या टाकून थोडे निवडा आणि त्यांच्या दारात जाऊन, वाटेल ते करून उत्तर मिळवा.

हीच युक्ती आपल्या गावाला लावून बघू. समजा १०० घरं निवडली. ६० उघडी, ४० बंद. उघड्या ६० मधल्या ६ घरांतलं कोणीतरी कामासाठी बाहेर जातं, म्हणजे १० टक्के. आता बंद ४० मधली १० घरं चिठ्ठीनं निवडली आणि ती माणसं थेट उसाच्या फडावर जाऊन गाठली. त्यातली ८ ऊसतोडीवाली निघाली. इथलं प्रत्येक घर चार घरांच्या वतीनं बोलतं, म्हणून ८ चे झाले ३२. एकूण ६ अधिक ३२, म्हणजे ३८ टक्के! कुठे १० आणि कुठे ३८!

आपल्या देशात १९५० मध्ये राष्ट्रीय नमुना सर्वेक्षण सुरू झालं. त्याच्या फॉर्ममध्ये घर मूळ यादीतलं की बदली, आणि बदली असेल तर का, हे लिहावं लागतं. माणसं बाहेरगावी, माणूस कामात, सहकार्य नाही, अशी कारणं तिथे असतात. सहसा वर्षाचे तीन-तीन महिन्यांचे चार भाग करून काम वाटून देतात. म्हणजे काही गावं दिवाळीनंतर गाठली जातात, तर काही आखाजीनंतर.

आता एक धुळ्याचंच उदाहरण. २०२४ ची लोकसभा. शोभा बच्छाव ३,८३१ मतांनी जिंकल्या, सुभाष भामरे हरले. या मतदारसंघात विधानसभेचे सहा भाग येतात, त्यात नाशिक जिल्ह्यातलं मालेगाव मध्यही आहे. बाकीच्या पाच भागांची बेरीज केली तर भामरे सुमारे १ लाख ९० हजारांनी पुढे होते. एकट्या मालेगाव मध्यनं निकाल फिरवला. समजा तुमच्या सर्वेक्षणात यंत्रमागांच्या त्या गल्ल्यांमधून उत्तरं कमी आली आणि ती जागा तुम्ही शिंदखेड्याच्या घरांनी भरली, तर काय होईल? आकडा पूर्ण, उत्तर उलटं!

म्हणून सॅम्पल ठरवतानाच भाग पाडायचे: पाडे, शहर, बागायती गावं, कोरडवाहू गावं. जिथे उत्तरं कमी येणार असा अंदाज आहे, तिथली घरं आधीच जास्त निवडायची आणि शेवटी प्रत्येक भागाला त्याच्या लोकसंख्येइतकंच वजन द्यायचं. पण वजन म्हणजे जादू नाही. एखाद्या भागातून शून्य उत्तरं आली, तर शून्याला कितीनंही गुणा, शून्यच येतं. आणि पाड्यावर जे घरी सापडले, ते फडावर गेलेल्यांच्या वतीनं बोलू शकत नाहीत. त्यांच्यापर्यंत कुणाला तरी जावंच लागतं.

हे फक्त गावाचं नाही, बरं का. अनोळखी नंबर दिसला की आपण काय करतो? कट! अमेरिकेतल्या प्यू संस्थेच्या फोन सर्वेक्षणांना १९९७ मध्ये ३६ टक्के लोक उत्तर देत, २०१८ मध्ये फक्त ६ टक्के. त्या यादीत आपणही कुलूप लावलेलं घरच असतो.

आमच्या त्या अहवालात एक ओळ होती: निवडलेल्या सर्व वीस घरांची माहिती मिळाली. तेव्हा मला तिचा अभिमान वाटला होता. आज कुठलाही सर्व्हे समोर आला की मी आधी हेच शोधतो, किती दारं बंद होती आणि त्यांचं पुढे काय केलं. तुम्हीही विचारत जा.

भेटू पुढच्या भागात!