कनवटीपासून खिशापर्यंत : एका लहान हत्याराचा इतिहास

स्मृतिव्याख्यानमालेच्या पुस्तिकेसाठी इतिहासविषयक लेख द्यावा, अशी शाळेची आज्ञा झाली. लढाया, तह आणि राजवाडे यांवर ग्वाल्हेरीत पुष्कळ बोलले जाते, आणि ते योग्यच आहे. मी मात्र मुठीत मावेल अशी एक वस्तू निवडली आहे. ती म्हणजे घडीचा बहुउपयोगी चाकू. पाते, कात्री, पेचकस, डबा उघडण्याचे साधन, चिमटा असे सारे एकाच मुठीत मिटवून खिशात ठेवता येणारे हे हत्यार. इतकी क्षुद्र वस्तू इतिहासाचा विषय कशी होते, असे कोणी विचारील. माणसाने रोज अंगावर काय बाळगावे, हे एके काळी तो स्वतः ठरवीत असे. आज ते अनेक ठिकाणी कायदा ठरवितो. हा बदल कसा घडला, याची साक्ष ही वस्तू देते.

प्रथम शब्दाकडे पाहू. आपल्या घरांत मराठी आणि गल्लीत हिंदी, अशी दोन भाषांची वहिवाट असल्यामुळे एक गोष्ट आपल्या कानांना पुण्या-मुंबईच्या मंडळींपेक्षा लवकर जाणवते. हिंदीत ‘हथियार’ म्हटले की सामान्यतः शस्त्र समजावयाचे. कारागिराच्या साधनाला ‘औज़ार’ हा वेगळा शब्द आहे. मराठीतही ‘औजार’ आहेच, परंतु सुताराची हत्यारे, न्हाव्याची हत्यारे आणि शिपायाची हत्यारे हे तिन्ही प्रयोग आपण सारख्याच सहजतेने करतो. खंडेनवमीला तलवारीशेजारी करवत आणि कात्री मांडून दोहोंना एकच हळदकुंकू वाहणारा समाज हा भेद फार ताणीत नव्हता. वस्तू तीच, हात आणि हेतू वेगळे.

हा भेद न ताणणाऱ्या समाजातूनच आपले गाव जन्मले. दौलतराव शिंद्यांची छावणी १८१० च्या सुमारास किल्ल्याच्या दक्षिणेस स्थिरावली आणि त्या छावणीचेच शहर झाले. म्हणून त्याचे नाव लष्कर. कंपू, जिन्सी, चिटणीसांची गोट, शिंद्यांची छावणी ही मोहल्ल्यांची नावे म्हणजे फिरत्या फौजेची शब्दसंपत्तीच होय. दाना ओळी (हिंदीत आपण ‘दाना ओली’ लिहितो) हे नाव उच्चारताना मराठी कानाला दाण्याची ओळच ऐकू येते. टॉमस ब्रॉटन हा इंग्रज अधिकारी १८०९ साली शिंद्यांच्या छावणीबरोबर हिंडत होता. त्याची पत्रे १८१३ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. मुक्काम हलला की बिनीवाला पुढे जाऊन निशाण रोवी, मग निरनिराळ्या बाजारांची निशाणे लागत आणि दुकाने दोन समांतर ओळींत उभी राहत, असे वर्णन त्याने केले आहे. ज्या गावातील दुकानेसुद्धा उचलून नेता येत, तेथे प्रत्येक माणसाला आपला संसार अंगावर वागविता येणे भाग होते.

तो कसा वागविला जाई? येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. धोतर, अंगरखा आणि शेला या वेषात आजच्यासारखा खिसा नाही. जे काही बाळगावयाचे ते कमरेला. पैसा धोतराच्या कनवटीला, किल्ली जानव्याला, आणि बाकीचे चंचीत. चंची ही अनेक कप्प्यांची कापडी पिशवी, गुंडाळून कमरेला खोचावयाची. तिच्यात पाने, सुपारी, कात, लवंगा, चुन्याची डबी आणि अडकित्ता. तंबाखू ओढणाऱ्याजवळ चकमक, गारगोटी आणि कापूस असे. कानकोरणे, दातकोरणे आणि चिमटा एका लहानशा कडीत ओवलेले असत. हौशी माणूस ते चांदीचे करवून घेई. बहुउपयोगी हत्याराची कल्पना आपल्याकडे पश्चिमेकडून आली, असे मानण्याचे मला तरी कारण दिसत नाही. त्या कडीत ती पूर्ण रूपाने आहे. फक्त ती मिटत नाही, लोंबकळते.

अडकित्त्याविषयी थोडे अधिक सांगितले पाहिजे. खालचा दांडा बोथट, वरचा धारेचा, टोकाशी खिळा. सुपारी खिळ्याच्या जितकी जवळ, तितका दाब अधिक. तरफेचे तत्त्व याहून सुटसुटीत कोणी वापरले असेल, असे वाटत नाही. पुण्यात राजा दिनकर केळकर संग्रहालयात अडकित्त्यांचा मोठा संग्रह आहे. मोर, घोडे, स्त्री-पुरुषांच्या जोड्या असे त्यांचे आकार पाहिले म्हणजे रोजच्या वापराच्या लोखंडावर आपल्या कारागिरांनी किती जीव लावला, हे कळते. कै. दिनकर केळकरांनी असल्या ‘क्षुल्लक’ वस्तू जमविण्यात आयुष्य वेचले, म्हणून आज त्यांच्याविषयी बोलता तरी येते. ग्वाल्हेरीतील किती घरांचे अडकित्ते भंगाराच्या भावाने गेले असतील, कोण जाणे!

कारकुनाचे हत्यार याहून निराळे. मोडी लिहिणाऱ्याला बोरू सतत तासावा लागे. टोक झिजले की अक्षर जाड होई. म्हणून कलमदानात चाकू हवाच. फारसीत त्याला कलमतराश म्हणत. इंग्रजीतील ‘पेननाइफ’ हा शब्दही पिसाची लेखणी तासण्यावरूनच आला. दोन्ही टोकांच्या देशांत खिशातील चाकूचे मूळ लेखणीपाशी सापडावे, हे मला फार अर्थपूर्ण वाटते.

आता त्या मिटणाऱ्या हत्याराकडे येऊ. ही कल्पना युरोपातही जुनी आहे. चमचा, काटा, सुरी एकत्र मिटणारे एक रोमन काळातील चांदीचे साधन केंब्रिजच्या फिट्झविल्यम संग्रहालयात आहे. परंतु आज आपण ओळखतो तो चाकू बंदुकीमुळे घडला. स्वित्झर्लंडच्या सैन्याने १८८९ ची नवी रायफल स्वीकारली. ती खोलण्यास पेचकस लागे आणि शिधा डब्यांत येई. म्हणून पाते, डबा उघडण्याचे साधन, पेचकस आणि टोच्या एकत्र असलेला शिपायाचा चाकू ठरविण्यात आला. पहिले पंधरा हजार चाकू जर्मनीतील झोलिंगेनहून आले. इबाख गावच्या कार्ल एल्सेनर याला ते सलू लागले. त्याने १८९१ साली सैन्याला स्वदेशी चाकू पुरविण्यास आरंभ केला आणि १२ जून १८९७ रोजी बूचकाढणी व दुसरे लहान पाते असलेल्या हलक्या ‘अधिकारी चाकू’ची नोंदणी केली. गंमत अशी की, तो अधिकाऱ्यांना सरकारी साहित्यातून मिळत नसे. त्यांनी तो पदरच्या पैशाने घेतला. एल्सेनरने १९०९ साली दिवंगत आईचे ‘व्हिक्टोरिया’ हे नाव कारखान्याला दिले आणि १९२१ मध्ये न गंजणाऱ्या पोलादाची ‘इनॉक्स’ ही खूण त्याला जोडून व्हिक्टोरिनॉक्स हे नाव सिद्ध झाले. पुढे अमेरिकेच्या टिम लेदरमन याने १९७५ साली जुन्या मोटारीतून युरोपचा प्रवास करताना नुसता चाकू अपुरा पडतो हे अनुभवले, आणि १९८३ पासून पकडीभोवती रचलेले त्याचे हत्यार बाजारात आले.

हत्यार असे लहान होत असताना कायदा मात्र मोठा होत होता. लिटनच्या कारकीर्दीत १८७८ चा शस्त्रकायदा आला आणि परवान्याची कल्पना हिंदुस्थानात रुजली. स्वतंत्र भारताने १९५९ साली नवा कायदा केला. त्याखालील १९६२ च्या नियमांत नऊ इंचांहून लांब अथवा दोन इंचांहून रुंद पात्याचे चाकू शस्त्रांच्या यादीत घातले. परंतु घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय वा औद्योगिक कामासाठी घडविलेले वगळले. येथे कायद्याने हेतू विचारात घेतला. मोजपट्टीबरोबर उपयोगही पाहिला. मला हा नियम शहाणपणाचा वाटतो, कारण त्यात विळी आणि कट्यार यांतील फरक ओळखण्याची तयारी आहे.

विमानाच्या दाराशी ही तयारी संपते, आणि त्याचीही कारणे आहेत. काठमांडूहून दिल्लीस निघालेले आपले विमान २४ डिसेंबर १९९९ रोजी पळविले गेले. २००० सालापासून, जयपूरने आरंभ होऊन, विमानतळांची सुरक्षा क्रमाक्रमाने केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे गेली. अमेरिकेत तर ११ सप्टेंबर २००१ पर्यंत चार इंचांहून कमी पात्याचा चाकू प्रवाशाला जवळ ठेवता येत असे. त्या दिवसानंतर जगभर ते बंद झाले. व्हिक्टोरिनॉक्सच्या चाकूंची विक्री सुमारे तिसऱ्या हिश्शाने घसरली, कारण विमानतळावरील दुकानांतून भेट म्हणून तो घेणारे थांबले. मार्च २०१३ मध्ये अमेरिकेने सहा सेंटिमीटरपर्यंतच्या पात्याला पुन्हा परवानगी देण्याचे जाहीर केले. विमानातील कर्मचाऱ्यांचा विरोध इतका तीव्र झाला की जूनमध्ये तो विचार सोडावा लागला. बंद दारामागे, तीस हजार फुटांवर, ज्यांना प्रवाशांत वावरावयाचे असते त्यांच्या भीतीला हसणे सोपे आहे. मी हसणार नाही. आपल्याकडे शीख प्रवाशाला देशांतर्गत विमानात सहा इंचांपर्यंतचे पाते आणि एकूण नऊ इंच लांबी, एवढ्या मर्यादेत कृपाण बाळगता येते. म्हणजे हेतू आणि श्रद्धा यांचा विचार तेथेही अगदी नाहीसा झालेला नाही. बाकीच्यांनी आपले पाते मोठ्या सामानात घालून पोटात पाठवावे.

तरीही एका विमानतळावर काढून घेतलेल्या वस्तूंची पेटी मी पाहिली, तेव्हा तिच्यात कात्र्या आणि पेचकस यांच्याबरोबर एक जुना, झिजून पांढरा पडलेला अडकित्ता होता. तपासणाऱ्या शिपायाचा त्यात काही दोष नव्हता. त्याला धार दिसली, सुपारी दिसली नाही.

ग्वाल्हेरच्या विमानतळाची नवी इमारत १० मार्च २०२४ रोजी खुली झाली. त्यानंतर दोनच महिन्यांनी, मे २०२४ मध्ये, एल्सेनर घराण्याच्या चौथ्या पिढीच्या प्रमुखाने जाहीर केले की, आपला कारखाना पाते नसलेली खिशातील हत्यारे तयार करीत आहे. तशी एक त्यांच्याकडे आधीच होती. विमानप्रवाशांसाठी काढलेल्या त्या ‘जेटसेटर’मध्ये लहान कात्री आहे, पेचकस आहे, बाटलीचे झाकण काढण्याची सोय आहे, आणि एका टोकाला चिमटा व दातकोरणे आहे, अडकविण्यासाठी कडीसकट.