मुंबई–नागपूर : अंतर तेच, वेळ वेगळी

आपल्या वर्गातले बरेच जण आता मुंबई-पुण्याकडे स्थायिक झाले. मेळाव्याला येताना 'विमानाने दीड तास तर लागतो' असे ते सहज म्हणतात. या दीड तासामागचा इतिहास मात्र आपल्या गावाचा आहे, म्हणून इथे लिहितो.

मुंबई ते नागपूर हवाई अंतर सुमारे ६९० किलोमीटर. रेल्वेने तेच ८३७ किलोमीटर भरते, कारण रुळांना कसारा घाट चढून भुसावळ, अकोला, वर्धा अशी वाट धरावी लागते. विमानाच्या दीड तासातही धावपट्टीपर्यंत जाणे-येणे, चढणे-उतरणे धरलेले असते.

जानेवारी १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून रात्री विमाने निघत व मध्यरात्रीच्या सुमारास सोनेगावला एकत्र येत. टपालाच्या थैल्यांची अदलाबदल झाली, की पहाटेपर्यंत आपापल्या शहरी परतत. नागपूरच का? दिल्ली सुमारे ८५०, मद्रास ९०५, कलकत्ता ९८५ किलोमीटर; सगळे एका रात्रीच्या टप्प्यात. चार शहरे एकमेकांशी थेट जोडायची तर सहा मार्ग लागतात. मध्ये नागपूर ठेवले की चार पुरतात. अमेरिकेत फेडेक्सने मेंफिस शहरातून हीच पद्धत १९७३ मध्ये सुरू केली. आपल्याकडे ती त्याआधी चोवीस वर्षे होती!

तेव्हा डाकोटा विमाने होती. ताशी पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास वेग, म्हणजे मुंबईहून इथे यायला अडीच तास. उतारूही त्यातून प्रवास करीत. आम्हा मुलांना मात्र विमानाचा फक्त आवाज ठाऊक. माझा मोठा भाऊ मुंबईला शिकत होता. घरी फोन नव्हता. परीक्षेच्या दिवसांत तो आजारी पडला, तेव्हा त्याने संध्याकाळी टाकलेले पत्र दुसऱ्या दिवशी महालातल्या घरी आले आणि आई त्याच रात्रीच्या गाडीने निघाली. पत्र रेल्वेने आले असते, तर तिचा आणखी एक दिवस काळजीत गेला असता. आमच्या घरात सोनेगावची किंमत त्या एका दिवसाने ठरली.

सत्तरच्या दशकात ही सेवा बंद झाली. पुढे जेट विमाने आली, २००५ मध्ये विमानतळाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव मिळाले आणि २०२५ मध्ये ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग पूर्ण झाला. अडीच तासांचे दीड तास झाले.

आपले काही गुरुजन आजही नागपुरातच आहेत, बहुतेकांची मुले दूर. ज्या गावात चार दिशांचे टपाल रोज रात्री एकत्र येत असे, तिथे आपण वर्षातून एकदा तरी यावे आणि आल्यावर मेळाव्याच्या मंडपातूनच परत न फिरता त्यांच्या दारी जाऊन यावे, एवढीच विनंती.