पृष्ठभागावरचा हिशेब

दोनेक महिन्यांपूर्वी शेजारच्या काकांनी मला एक मेसेज पाठवला. ‘विश्व हे होलोग्राम आहे, शास्त्रज्ञांनी सिद्ध केले! आपल्या ऋषींनी हजारो वर्षांपूर्वीच सांगितले होते, सर्व माया!’ असले मेसेज मी एरवी वाचून सोडून देतो. पण काकूंना जाऊन तेव्हा तीन महिने झाले होते. रात्री आम्ही दोघं नेरूळच्या तळ्याभोवती फेऱ्या मारतो, तिथे त्यांनी विचारलं, "म्हणजे आमची बेचाळीस वर्षंही खरी नव्हतीच म्हणायची, काय रे?"

मला पटकन उत्तर देता आलं नाही. घरी आल्यावर जुनी पुस्तकं काढली, आणि मग हे लिहायला बसलो.

पहिली गोष्ट म्हणजे, सिद्ध वगैरे काही झालेलं नाही. आणि ही कल्पना मायेतून आलीच नाही, ती आली हिशेबातून. वाण्याच्या वहीसारख्या रोकड्या हिशेबातून.

१९७२ च्या सुमारास प्रिन्स्टनला जेकब बेकनस्टाईन नावाचा विद्यार्थी एका प्रश्नावर अडला होता. गरम चहाचा कप कृष्णविवरात टाकला, तर चहातली एन्ट्रॉपी, म्हणजे त्यातला रेणूंचा सगळा गोंधळ, जातो कुठे? जगातला एकूण गोंधळ कमी होत नाही, असा भौतिकशास्त्राचा नियम. बेकनस्टाईन म्हणाला, कृष्णविवर त्याची नोंद ठेवतं. त्याच्या सीमेचं, ज्याला घटनाक्षितिज म्हणतात त्याचं, क्षेत्रफळ वाढतं, तीच नोंद. स्टीफन हॉकिंग यांना हे सुरुवातीला अजिबात पटलं नव्हतं. खोडून काढायच्या तयारीने त्यांनी गणित मांडलं आणि १९७४ मध्ये त्यांनाच कबूल करावं लागलं की पोरगा बरोबर आहे.

यातली विचित्र गोष्ट नीट पाहा. डब्यात तांदूळ किती मावतील हे डब्याच्या पोटावर ठरतं, बाहेरच्या पत्र्यावर नाही. कृष्णविवराचा हिशेब मात्र पत्र्यावरच. आणि कुठल्याही जागेत वस्तुमान कोंबत गेलात तर शेवटी तिथे कृष्णविवरच होतं, म्हणजे पत्र्याची ही मर्यादा सगळ्याच डब्यांना लागू! हा निष्कर्ष १९९३ मध्ये डच शास्त्रज्ञ गेरार्ड ट हूफ्ट यांनी मांडला. स्टॅनफर्डच्या लिओनार्ड ससकिंड यांनी पुढे जग म्हणजे होलोग्राम असं त्याचं बारसं केलं. होलोग्राम ही डेनिस गाबोर यांची १९४७ ची कल्पना, १९७१ चं नोबेल त्यांना त्यासाठीच मिळालं. सपाट काचेवर वस्तूची सगळी खोली साठवता येते. ससकिंडनी फक्त उपमा घेतली. आपल्याकडे होलोग्राम म्हटलं की एटीएम कार्डावरचा चकचकीत चौकोन आठवतो आणि ‘दिसतं पण नसतं’ एवढंच डोक्यात राहतं. सगळा घोटाळा त्या नावाने केलाय, असं माझं मत आहे.

१९९७ मध्ये हुआन माल्दासेना या एकोणतीस वर्षांच्या अर्जेंटिनी माणसाने या कल्पनेला नेमकं गणित दिलं. एका विशिष्ट प्रकारच्या काल्पनिक विश्वात, आतलं गुरुत्वाकर्षण आणि सीमेवरचा, एक मिती कमी असलेला, गुरुत्वाकर्षण नसलेला क्वांटम सिद्धांत, हे दोन्ही एकच. एकाच गोष्टीची दोन भाषांतली वर्णनं. एक खरं आणि दुसरं खोटं असा मामलाच नाही. पण मेख अशी की आपलं विश्व त्या प्रकारचं नाही. ते अधिकाधिक वेगाने पसरतंय, हे १९९८ च्या निरीक्षणांतून कळलं. अशा विश्वाला माल्दासेनाला हवी तशी सीमा नसते.

आता मुंबई. जानेवारी २००१ मध्ये कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (आपली टीआयएफआर) स्ट्रिंग सिद्धांतवाल्यांची जागतिक परिषद भरली होती. हॉकिंग आले होते, ८ तारखेला त्यांचा एकोणसाठावा वाढदिवस इथेच झाला. हार्बरच्या गाडीत उभ्यानं पेपर वाचताना मला त्यांची खुर्ची आणि त्यांचा वाढदिवस एवढंच कळलं. त्याच परिषदेत एडवर्ड विटेन बोलले, ते नेमकं या मेखेवर: आपल्यासारख्या पसरत्या विश्वात क्वांटम गुरुत्वाकर्षण मांडायचं कसं? ते भाषण मला लेखाच्या रूपात बऱ्याच वर्षांनी सापडलं. अर्धंही समजलं नाही, पण हे सगळं गाडीने तासाभरावर चाललं होतं याची चुटपुट लागली ती लागलीच.

संस्थेत तेव्हा स्पेन्टा वाडिया, संदीप त्रिवेदी होते, आणि आपल्या कोल्हापूरचे अतीश दाभोलकरही. कृष्णविवराच्या सूक्ष्म अवस्था एकेक मोजायच्या आणि क्षेत्रफळाच्या हिशेबाशी ताळा जुळतो का ते पाहायचं, हे त्यांचं काम. (प्रयोग परिवारवाले श्री. अ. दाभोलकर हे त्यांचे वडील. द्राक्षांच्या पानांचा हिशेब मांडणाऱ्या घरात असलं काही निघणारच!) २०१९ मध्ये ते इटलीतल्या त्रिएस्तच्या आंतरराष्ट्रीय केंद्राचे संचालक झाले.

पण मला सगळ्यात जवळचे वाटतात ते पुण्याच्या आयुकाचे थानु पद्मनाभन. जन्म तिरुवनंतपुरमचा, आधी टीआयएफआर, मग १९९२ पासून पुणे. २०१२ मध्ये त्यांनी आपल्याच पसरत्या विश्वासाठी एक मांडणी केली. एक आकडा पृष्ठभागावरचा, एक आकडा आतला. दोन्ही जुळत नाहीत, आणि त्यांच्यातल्या फरकामुळेच अवकाश निर्माण होत जातं, म्हणजे विश्व पसरतं. जमाखर्च जुळवण्याची धडपड म्हणजेच प्रसरण! सगळ्यांना हे मान्य आहे असं नाही. ते असते तर भांडून भांडून आणखी पुढे गेले असते. १७ सप्टेंबर २०२१ ला ते गेले.

आणखी एक तुकडा राहिला. कृष्णविवरात पडलेली माहिती कायमची पुसली जाते, असं हॉकिंग अनेक वर्षं म्हणत होते. १९९७ मध्ये त्यांनी जॉन प्रेस्किल यांच्याशी पैज लावली. २००४ मध्ये डब्लिनला त्यांनी हार मानली आणि पैजेप्रमाणे बेसबॉलचा एक विश्वकोश देऊन टाकला. सगळा हिशेब पृष्ठभागावर शिल्लक असेल तर तो पुसला जाणार कसा? त्यांचा स्वतःचा युक्तिवाद थोडा वेगळा होता, पण वारं त्याच दिशेने वाहत होतं.

परवा हे सगळं काकांना फिरता फिरता सांगितलं. तीन फेऱ्या झाल्या. त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही.

"म्हणजे खोटं नव्हतं."

"नाही काका. खोटं असं त्यात कुणीच म्हटलेलं नाही."

"आणि पुसलंही जात नाही म्हणतोस."

"त्यांच्या हिशेबाने नाही. पण ते परत वाचता येईल असंही नाही. कागद जाळला तर धूर आणि राख मिळून अक्षरं असतातच म्हणे, पण ती लावणार कोण?"

ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, स्वयंपाकघरातलं गेल्या वर्षीचं कॅलेंडर अजून काढलेलं नाही, तिने त्यावर दुधाचे खाडे लिहिलेत. ऑक्टोबरपर्यंतचे आहेत.