खाचरावरून घरापर्यंत : कांदिवलीतली एक मुरमाची वाट

आज रस्त्यांविषयी बोलायचे आहे, पण मोठ्या रस्त्यांविषयी नाही. 1845 मध्ये माहीमचा कॉजवे झाला, वांद्र्यापासून घोडबंदरपर्यंतचा रस्ता वाहता झाला, तोच पुढे स्वामी विवेकानंद रोड झाला, हे सगळे आपण वाचलेले असते. आमचा आजचा विषय आहे त्या रस्त्यापासून घराच्या पायरीपर्यंतची शंभर-दीडशे फुटांची वाट. हिचा इतिहास कुणी लिहीत नाही, कारण ती सरकारची नसते. ती ज्याची त्याने करायची असते.

निमित्त सांगतो. आमच्या सोसायटीत पाण्याची नवी पाइपलाइन टाकण्यासाठी गेटपासून इमारतीपर्यंत चर खणला आहे. सकाळी फिरायला निघालो आणि त्या चराच्या कडेशी थांबलो. सर्वांत वर पेव्हर ब्लॉक. त्याखाली रेती, मग काँक्रीटचा थर, मग डांबराची काळी रेघ. त्याखाली हाताच्या मुठीएवढी खडी, तिच्याखाली तांबूस मुरूम, आणि अगदी तळाशी गुळगुळीत, चिकट, निळसर काळी माती. साठ-पासष्ट वर्षे आम्ही ज्या वाटेवरून चाललो ती अशी उभी कापलेली पहिल्यांदाच पाहिली. तो तांबूस थर आम्ही ओळखला. तो घालताना आम्ही तिथे होतो.

तळाच्या मातीपासून सुरुवात करू, कारण सगळी गोष्ट तिच्यामुळे घडली आहे. कांदिवली म्हणजे भातशेतीचा गाव होता. पूर्वेला आकुर्लीच्या टेकड्या, पश्चिमेला चारकोपकडे खाडी, मधून पोयसर नदी, आणि या सगळ्यांच्या मधे खाचरे. भाताचे खाचर म्हणजे नुसती सपाट जमीन नव्हे. दर पावसाळ्यात तिथे चिखलणी होते. पाणी भरून, नांगर फिरवून, पायांनी तुडवून मातीचे कण असे बसवायचे की पाणी खाली जाताच कामा नये. वर बांध घालायचा, म्हणजे बाजूलाही जाता कामा नये. पिढ्यान्‌पिढ्या, दर वर्षी हेच. शेतकऱ्याने जमिनीला एकच गोष्ट शिकवली : पाणी धरून ठेव.

आणि रस्त्याला नेमके उलटे हवे असते!

1957 च्या फेब्रुवारीत आमचा भाग बृहन्मुंबईत आला. खाचरे विकली जाऊ लागली, प्लॉट पडू लागले. वडिलांनीही एक तुकडा घेतला आणि बैठे घर बांधले. पुढे त्याच जागेवर ही सोसायटी उभी राहिली. घरापर्यंत जायचे ते बांधावरून. आमचा असा समज आहे की कांदिवलीच्या जुन्या गल्ल्या आजही विनाकारण वळतात त्या याच बांधांमुळे. लोक बांधावरून चालले, बांधाची पायवाट झाली, पायवाटेची गल्ली. पण वडिलांना बैलगाडी दारापर्यंत यायला हवी होती, विटा-वाळू उतरवायला. त्यांनी एका ठेकेदाराला काम दिले. त्याने काय केले? बांध फोडला, खाचराच्या मातीवर तशीच मुरमाची गाडी ओतली, फावड्याने सारखे केले, पैसे घेतले. वाट दिसायला सुरेख झाली. तांबडी, सपाट, अगदी चटईसारखी. आई म्हणाली, "सपाट झाली ना, बस्स."

जूनमध्ये पहिला पाऊस पडला. पंधरा दिवसांत मुरूम दिसेनासा झाला. वाहून गेला म्हणावे तर बाजूला कुठेच नाही. तो खाली गेला होता आणि काळा चिखल वर आला होता. दुसऱ्या गाडीचे चाक आसापर्यंत रुतले. वडिलांनी आणखी दोन गाड्या मुरूम टाकला. तोही गेला. त्या पावसाळ्यात आम्ही शाळेत चपला हातात घेऊन गेलो, आणि वडिलांचे पैसे जमिनीत गेले, हे अगदी शब्दशः.

दिवाळीनंतर एक वडार म्हातारबा आले. साष्टीत मातीचे आणि दगडाचे काम बहुतेक या लोकांच्याच हातचे. मातीकाम करणारे मातीवडार, दगड वाहणारे गाडीवडार. त्यांनी मुरमाकडे पाहिलेच नाही. वडिलांना म्हणाले, "मालक, पावसात पाणी कुठून येतं आणि कुठं जातं, ते आधी दाखवा." वडील म्हणाले, "बाबा, रस्ता करायचाय, विहीर नाही." म्हातारबा हसले आणि बसून राहिले. मग दोघे मिळून सगळा प्लॉट फिरले. आम्ही मागे.

त्यानंतर आठ-दहा दिवस जे काम चालले, ते आम्हाला पुढे विद्यापीठात शिकलेल्या पुष्कळ गोष्टींपेक्षा स्वच्छ आठवते. प्रथम वरची काळी माती फूटभर काढली. मुळ्या, गवत, भाताची धसकटे, काहीही ठेवले नाही, कारण कुजणारी वस्तू खाली राहिली की तिथे पोकळी होते. ती माती फेकली नाही, परसात केळींना घातली. मग खुंट्या ठोकून दोरी ताणली, मधली दोरी कडेच्या दोऱ्यांपेक्षा वर. दहा फुटी वाटेला मधोमध अडीच इंच उंची. आणि ही उंची मुरमाने आणायची नाही, हे त्यांचे सर्वांत महत्त्वाचे म्हणणे. खालच्या जमिनीलाच तो आकार द्यायचा. खाली खळगा आणि वर मुरमाची पाठ, असे केले तर मुरमातून झिरपलेले पाणी त्या खळग्यात साचते आणि वाट आतून सडते. दोन्ही कडांना चर. चरांनाही उतार, पुढे मोरीपर्यंत. मोरीत पाणी शिरते की नाही हे त्यांनी विहिरीच्या दहा-बारा बादल्या ओतून पाहिले. एका जागी पाणी थबकले, तिथे पुन्हा खोदले.

मग तळाशी दगडाचे डबर, त्यांच्या फटींत कच ठोकून बसवलेली, मग मुरूम. मुरूम एकदम नाही, चार बोटांचा थर, त्यावर पाणी, मग धुम्मस. पाणी किती, हे ते मुठीवरून ठरवीत. मुरूम मुठीत दाबायचा, मूठ उघडायची. गोळा राहिला पाहिजे, पण हाताला ओल लागता कामा नये. अमेरिकेत राल्फ प्रॉक्टर नावाच्या इंजिनिअरने 1933 मध्ये हेच प्रयोगशाळेत मांडले : प्रत्येक मातीला घट्ट बसण्यासाठी ठरावीक ओल लागते, कमी नको, जास्त नको. म्हातारबांना प्रॉक्टर ठाऊक नव्हता. प्रॉक्टरला म्हातारबा ठाऊक नव्हते, ही उणीव मात्र आमच्या मते मोठी.

हिशेबही त्यांनी तोंडी केला. एकशेवीस फूट लांब, दहा फूट रुंद, बसल्यावर सहा इंच जाड, म्हणजे सहाशे घनफूट. शंभर घनफुटांचा एक ब्रास, म्हणजे सहा ब्रास. पण मागवा आठ, कारण सैल मुरूम ठोकल्यावर पाव हिस्सा बसतो. ठेकेदाराने आठ ब्रासचे पैसे घेऊन किती टाकला होता, हा विषय आमच्या घरात पुढे वर्षानुवर्षे जेवताना निघे.

आता थोडे बाहेर जाऊ. या पद्धतीला जगभर ज्याचे नाव मिळाले तो स्कॉटलंडचा जॉन लाउडन मॅकॅडम. 1816 मध्ये ब्रिस्टल भागातल्या रस्त्यांचा तो सर्व्हेयर झाला. त्याच्या आधीच्यांचा विश्वास दगडाच्या वजनावर. मोठमोठे दगड खाली घाला, म्हणजे रस्ता टिकेल. मॅकॅडम म्हणाला, वजन दगड पेलत नाही, खालची जमीन पेलते. आणि जमीन कोरडी राहिली तर कितीही पेलते. तेव्हा दगडाचे काम एकच, जमिनीवर छप्पर धरणे. म्हणून त्याला मोठे दगड नकोत, सहा औंसांपेक्षा जड नाही अशी फोडलेली, कोनांची खडी हवी. गोटे चालत नाहीत, ते एकमेकांवरून घरंगळतात. फोडलेल्या खडीचे कोन एकमेकांत अडकतात.

इथे आमच्यातला तत्त्वज्ञानाचा मास्तर जागा होतो, क्षमा करा. मिलिंद राजाला नागसेन विचारतो, रथ म्हणजे काय, चाके की आस की दांडी? वेगळा रथ कुठेच सापडत नाही. नैयायिक म्हणतात, तसे नाही, अवयवांहून वेगळा असा अवयवी खरोखर उत्पन्न होतो. आम्ही वर्गात वर्षानुवर्षे दोन्ही बाजू सांगितल्या आणि विद्यार्थ्यांनी गुणांपुरत्या लिहिल्या. पण खडीचा ढीग आणि खडीचा रस्ता शेजारी शेजारी पाहिले की आमचे मन नैयायिकांकडे झुकते. तेच दगड, तेवढेच. एकावर पाय मुरगळतो, दुसऱ्यावरून भरलेली गाडी जाते. काहीतरी नवे झालेले असते.

कांदिवलीकरांना हे नीट ठाऊक असायला हवे होते, कारण दगड हाच आमच्या गावाचा मोठा व्यवहार होता. आकुर्लीकडच्या पडण टेकडीवर खडकात कोरलेली पावले आणि ब्राह्मी अक्षरे होती. पंडित भगवानलाल इंद्रजींनी सोपाऱ्याच्या अवशेषांबरोबर त्यांच्यावरही 1882 मध्ये लिहिले. त्याच परिसरात पुढे खाणी चालल्या. 1920 नंतर बॅकबेची भरणी सुरू झाली तेव्हा समुद्रातल्या भिंतीसाठी दगड कांदिवलीच्या खाणींतून रेल्वेने गेला. 1,145 एकर जमीन समुद्रातून काढायची होती. गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांचा हा आवडता मनसुबा, ड्रेजरलासुद्धा त्यांचेच नाव.

आणि झाले काय? दगडांची भिंत उभी राहिली. तिच्या आत समुद्रतळाचा पातळ गाळ पंपाने भरायला घेतला. भिंत होती मोठ्या दगडांच्या राशीची, फटींची. गाळ त्या फटींतून निघून परत समुद्रात जाऊ लागला! वीर नरिमन यांनी कायदेमंडळात आणि बाहेर या कारभारावर तुटून टीका केली, 1926 मध्ये चौकशी समिती नेमावी लागली, लोकांनी योजनेला लॉइडचा मूर्खपणा असे नाव ठेवले. मूळ आराखड्यातली बरीच जमीन तेव्हा निघालीच नाही. आज तिथल्या एका टोकाला नरिमन पॉइंट म्हणतात, हा इतिहासाचा विनोद.

आमच्या वडिलांची वाट आणि सरकारची भिंत, दोन्हीकडे चूक एकच बघा. मोठ्या दगडांच्या फटी आणि शेजारी ओला, बारीक गाळ. मधे कच नाही, म्हणजे मधल्या आकाराचे काही नाही. मग गाळ फटींतून वाट काढणारच. आमच्याकडे तो खालून वर आला, तिकडे आतून बाहेर गेला. वडिलांचे शेकड्यांत गेले, सरकारचे कोटींत. चौकशी समिती मात्र आईची होती.

आणि ही खडी फोडली कुणी, तेही बोलले पाहिजे. मॅकॅडमच्या लेखी खडी बसून, छोट्या हातोडीने फोडायची, म्हणजे बायका, म्हातारे आणि मुलेही ते काम करू शकतील. त्याला यात सोय दिसली. 1972 च्या दुष्काळात आम्ही विद्यार्थ्यांबरोबर अहमदनगर जिल्ह्यात गेलो होतो. माळावर नजर पोचेल तिथपर्यंत बायका बसलेल्या, बोटांना चिंध्या बांधलेल्या, समोर खडीचे ढीग. खडी ठरल्या मापाची हवी, ढीग मोजून मजुरी मिळायची. रोजगार हमीचा कायदा पुढे 1977 मध्ये झाला. त्या दुष्काळात फोडलेल्या खडीतली पुष्कळशी रस्त्याला लागलीच नाही, माळावर पडून राहिली, असे तिथले लोक सांगत. एक बाई आम्हाला म्हणाली, "सर, हा रस्ता जातोय कुठं, ते सांगा की." आम्हाला सांगता आले नाही. तेव्हा आम्ही नुकते तत्त्वज्ञान शिकवू लागलो होतो.

परत आमच्या गल्लीत येऊ. म्हातारबांची वाट टिकली. दर वर्षी मेमध्ये चर साफ करायचे आणि चार पाट्या मुरूम टाकायचा, एवढीच तिची मागणी. पाऊस कितीही पडो, वाट ओली व्हायची पण पाणी तुंबायचे नाही. थोडे मुरमात जिरायचे, बाकीचे चरात. पुढे बैठे घर पाडून इमारत आली, खडीचा नवा थर आला, त्यावर डांबर आले. कंपाउंडची भिंत बांधताना एक चर बुजवला, गाड्या लावायला जागा हवी म्हणून दुसराही. मोरी कुठे होती हे आज सोसायटीत फक्त आम्हालाच माहीत आहे. मग काँक्रीट, मग पेव्हर ब्लॉक, आणि प्रत्येक थर आधीच्यापेक्षा सपाट. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला, त्या दिवशी कुठलाच चर पुरला नसता, हे मान्य. पण हल्ली साध्या जुलैच्या सरीलाही तळमजल्यात पाणी शिरते, त्याला काय म्हणायचे? वडिलांच्या ठेकेदाराने निदान मुरूम तरी टाकला होता, त्यातून थोडे जिरत होते.

आता सोसायटीपुढे ठराव आहे. भिंतीलगतची तीन फुटांची पट्टी, जिथे अजून माती आहे, तीही ब्लॉक घालून "सपाट" करून घ्यावी. तरुण सेक्रेटरी आहेत, कामसू आहेत, आमचा राग त्यांच्यावर नाही. चिखल लागतो, डास होतात, हे त्यांचे म्हणणे खरेच आहे. आम्ही एवढेच लिहून दिले आहे की त्या पट्टीत फूटभर खोल चर काढावा, खाली डबर, वर खडी आणि कच भरावी, आणि उतार जुन्या मोरीच्या दिशेला द्यावा. चिखल होणार नाही आणि पाण्याला जागा मिळेल. खर्चाचा अंदाज जोडला आहे, ब्रासच्या हिशेबात. एका सभासदाने विचारले, "काका, ब्रास म्हणजे पितळ ना?"

सभा रविवारी आहे. चर अजून बुजवलेला नाही. पाइप यायचा आहे. कांदिवलीत राहणारे कुणी ऐकत असतील तर आपल्या गल्लीतही असा चर खणला गेला की वाकून बघा, आणि तळाशी कोणती माती लागते ते आम्हाला कळवा.

आता प्रश्न घेऊ.