सनद, परवाना आणि झिरो वायरमन

आपल्या चळवळीतल्या तरुणांकडून हल्ली एक मत वारंवार ऐकू येतं. परवाना, सर्टिफिकेट, लायसन ही सगळी नवी जानवी आहेत, ज्याच्या हातात कला आहे त्याला कागद कशाला, असं ते मत. कोल्हापुरात गिझर आणि सोलर वॉटर हीटर बसवणारी आपल्या वस्त्यांतली पोरं तर हे रोज बोलतात. पाण्याचे पाइप तेच जोडतात, टाकी तेच चढवतात आणि जाता जाता विजेची लाइनही तेच ओढतात. मग कुणीतरी "तुझ्याकडे वायरमनचं लायसन आहे का?" असं विचारलं की त्यांना त्या प्रश्नात जातीचा वास येतो.

वास येण्याला कारण आहे, पण त्यातून काढलेला निष्कर्ष मला चुकीचा वाटतो. त्यासाठी थोडा इतिहास पाहू.

या देशात कामाचा पहिला परवाना जातीने दिला. त्याला परीक्षा नव्हती, फी नव्हती आणि मुदतही नव्हती. मुंबईच्या कापड गिरण्यांत अस्पृश्य कामगार हजारोंनी होते, पण चांगला पगार असलेल्या विणकाम खात्यात त्यांना प्रवेश नव्हता. धोट्यातला तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागतो आणि अस्पृश्याने तोंड लावलेला धोटा सवर्ण कामगार हातात घेणार नाही, हे त्याचं कारण. असा कोणताही सरकारी नियम नव्हता. तरी दार बंद होतं, आणि ते बंद ठेवणारे मालकांपेक्षा सोबतचे कामगारच होते. १९२८च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला तेव्हा अनेकांना तो गैरसोयीचा वाटला.

फेब्रुवारी १९३८मध्ये मनमाडला जी.आय.पी. रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांची परिषद झाली. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन शत्रू आहेत, हे तिथलं वाक्य आपण पोस्टरवर लावतो. पण त्याच भाषणात बाबासाहेबांनी रेल्वेतल्या जागांचा हिशोबही मांडला होता, तो फारसा कुणी वाचत नाही. आपला माणूस गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच निवृत्त होतो. पोर्टरचं साधं कामही त्याला मिळत नाही, कारण स्टेशनमास्तर पोर्टरकडून घरची कामं करून घेतो. वर्कशॉपमध्ये हमाल म्हणून शिरला तर मेकॅनिक होत नाही. ‘जातिसंस्थेचे निर्मूलन’मध्ये बाबासाहेबांनी जातीला श्रमिकांची विभागणी म्हटलं. तीच विभागणी मनमाडला त्यांनी हुद्द्यागणिक दाखवून दिली.

आता कोल्हापूर. राजर्षी शाहू महाराजांनी १९१८मध्ये महार वतन आणि बलुतेदारी यांच्यावर घाव घातला. जन्माने ठरलेलं काम करण्याची सक्ती मोडायची, हा त्यामागचा विचार. गंगाराम कांबळेंच्या हॉटेलात महाराजांनी चहा घेतल्याची गोष्ट आपण जयंतीला दरवर्षी सांगतो, सांगायलाच हवी. मला मात्र वकिलीच्या सनदांची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. त्या काळात महाराजांनी आपल्या संस्थानात अस्पृश्यांना वकिलीच्या सनदा दिल्या. वकिली हा त्या वेळचा सर्वांत बंदिस्त धंदा आणि त्यावर मक्तेदारी कुणाची होती हे सांगायला नको. महाराज राजे होते. सनदेची अटच काढून टाकतो, ज्याला वाटेल त्याने कोर्टात उभं राहावं, असं ते म्हणू शकले असते. त्यांनी तसं केलं नाही. सनद कायम ठेवली आणि तिच्यावर आपल्या माणसांची नावं लिहिली. कोर्टात उभ्या राहिलेल्या माणसाला "तू कोण?" असं विचारलं, तर दाखवायला त्याच्याकडे कागद होता.

बाबासाहेबांची दिशा हीच होती. जुलै १९४२मध्ये ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री झाले आणि २९ ऑक्टोबरला त्यांनी व्हाइसरॉयला अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचं निवेदन दिलं. त्यात नोकऱ्या आणि शिष्यवृत्त्या आहेत, तसंच तांत्रिक शिक्षणही आहे. सरकारी छापखाने आणि रेल्वेची वर्कशॉप यांत आपल्या मुलांना शिकाऊ उमेदवार म्हणून घ्या, ही मागणी त्यात आहे. विजेचं खातंही त्यांच्याचकडे होतं. ऑक्टोबर १९४३मध्ये वीजविषयक धोरण समितीपुढे बोलताना स्वस्त आणि मुबलक विजेशिवाय उद्योग नाहीत आणि उद्योगांशिवाय गरिबीतून सुटका नाही, अशी मांडणी त्यांनी केली. शेतीत अडकलेल्या, जमीन नसलेल्या माणसाला गावाबाहेर काढणारी वाट त्यांना विजेत दिसत होती. त्या विजेच्या धंद्यात आपण आज नेमके कुठे आहोत?

कायदा काय म्हणतो ते बघू. १९१०च्या वीज कायद्याखाली १९५६मध्ये जे नियम झाले, त्यातला ४५वा नियम आजच्या व्यवस्थेचा पाया आहे. २००३च्या नव्या कायद्यानंतरच्या सुरक्षा विनियमांतही तेच तत्त्व पुढे आलं. विजेचं काम परवानाधारक ठेकेदाराने घ्यायचं, सक्षमतेचं प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली करायचं आणि हात लावणारा माणूस परवाना असलेला तारतंत्री, म्हणजे वायरमन, असला पाहिजे. असे तीन कागद. दिवा, पंखा, फ्यूज, बटण बदलायला यातलं काही लागत नाही, पण जोडणीची क्षमता किंवा स्वरूप बदललं की लागतं.

गिझर इथेच येतो. पूर्वी घराघरात तांब्याचा बंब होता, चुकलं तर फार तर हात भाजायचा. दोन किलोवॅटचा गिझर २३० व्होल्टवर पावणेनऊ अँपिअर ओढतो आणि तीन किलोवॅटचा तेरा. सहा अँपिअरच्या प्लगवर किंवा पंख्याच्या बारीक वायरीवर तो जोडला तर वायर तापते, आवरण वितळतं. अर्थिंग नसेल आणि आतली कॉइल फुटली तर करंट थेट पाण्यात उतरतो, आणि त्या पाण्याखाली माणूस ओल्या अंगाने उभा असतो. स्वतंत्र लाइन, सोळा अँपिअरचं सॉकेट, नीट अर्थिंग आणि तीस मिलिअँपिअरला तुटणारं ब्रेकर, एवढ्याने बहुतेक जीव वाचतात. हे ज्ञान आहे, त्यात जानवं कुठे आलं?

खरी लबाडी दुसरीकडे आहे. कागद एकाचा आणि हात दुसऱ्याचा. टेस्ट रिपोर्टवर सही करणारा ठेकेदार जागेवर फिरकतच नाही, त्याची सही विकत मिळते. भिंत फोडणारा, शिडीवर चढणारा, बोर्डात हात घालणारा पोरगा कुठल्याच कागदावर नसतो. गावाकडे याचं टोक दिसतं. ‘झिरो वायरमन’ हा शब्द ग्रामीण महाराष्ट्रात कुणाला समजावून सांगावा लागत नाही. खऱ्या वायरमनच्या जागी पोलवर चढतो तो झिरो. पगार वायरमनचा, पोल झिरोचा. ज्याने कुणी हे नाव ठेवलं त्याने नकळत जातिव्यवस्थेची व्याख्याच केली. तो पोलवर चिकटून मेला की पहिलं उत्तर ठरलेलं असतं: हा आमचा माणूस नव्हता. ठेकेदारामार्फत आलेल्या कामगाराच्या अपघाताची जबाबदारी मूळ मालकावरही येते, हे तत्त्व १९२३च्या भरपाई कायद्याच्या कलम १२मध्येच होतं. पण त्यासाठी आधी तो कामावर होता हे सिद्ध करावं लागतं. हजेरी नाही, पावती नाही, परवाना नाही. बायको कशाच्या आधारावर दावा लावणार?

म्हणून "कागद कशाला?" हा प्रश्न जेव्हा आपलीच पोरं विचारतात, तेव्हा त्याचा फायदा ठेकेदाराला होतो. कागद नसलेला मजूर त्याला हवाच असतो.

दुसरी बाजूही मान्य केली पाहिजे. परवान्याची वाट आपल्यासाठी सरळ नाही. अनुभवाचा दाखला ठेकेदार देतो आणि ठेकेदार दाखला कुणाच्या भाच्याला आधी देतो हे उद्यमनगरात विचारा. आयटीआयमध्ये अनुसूचित जातींना १३ टक्के जागा आहेत, पण वस्तीतला जो मुलगा दहावीनंतर लगेच कामाला लागला त्याची दहा वर्षांची कमाई तिथे मोजली जात नाही. कौशल्य विकासाच्या शिबिरात फोटोसकट मिळालेलं प्रमाणपत्र म्हणजे तारतंत्रीचा परवाना नव्हे, हेही त्याला कुणी सांगत नाही. ठेकेदाराच्या परवान्यापर्यंत तर आपले हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच पोचताना दिसतात. आणि काम वाटण्याचा अधिकार त्याच पायरीवर आहे.

तेव्हा मागणी काय करायची ते नेमकं ठरवूया. काम करताना शिकलेल्यांना स्वतंत्र परीक्षेतून तारतंत्री परवाना मिळावा आणि अनुभव ठेकेदाराच्या मर्जीवर न सोडता विद्युत निरीक्षकाच्या कार्यालयाने प्रत्यक्ष काम पाहून तपासावा. परीक्षा मराठीत व्हावी. टेस्ट रिपोर्टवर ठेकेदाराच्या सहीखाली, ज्याने प्रत्यक्ष वायर ओढली त्याचं नाव आणि परवाना क्रमांक लिहिणं बंधनकारक करावं. आपल्या विहारांमध्ये स्पर्धा परीक्षेचे वर्ग चालतात, त्याच खोलीत आठवड्यातून दोन संध्याकाळी तारतंत्रीचा वर्ग बसू शकतो. शिकवायला निवृत्त वायरमन प्रत्येक वस्तीत एखादा तरी आहे.